पुतळा नाकारणारा कीर्तनकार

महाराष्ट्रात पुतळ्यांची वानवा कधीच नव्हती. गावाच्या वेशीपासून विधिमंडळाच्या आवारापर्यंत ते उभे आहेत आणि त्यांच्याभोवतीचे राजकारणही तितकेच जुने आहे. मुंबईत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. घोडा गेला, तरी त्या भागाचे काळा घोडा हे नाव मात्र टिकले. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोसळला आणि त्यावरून राज्यभर रणकंदन माजले. जगातही हेच चालू आहे. केपटाऊन विद्यापीठातील सेसिल ऱ्होड्सचा पुतळा २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे हटवावा लागला. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा २०२० मध्ये जमावाने ओढून बंदराच्या पाण्यात लोटला. रस्त्यावर, चौकात, लोकांच्या डोळ्यांदेखत एखादी कृती करून सत्तेला आणि स्मारकाला प्रश्न विचारणाऱ्या कलावंतांची एक स्वतंत्र परंपराच आता कलेच्या इतिहासात मानली जाते.

या परंपरेला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडातील एका निरक्षर माणसाने हेच काम आयुष्यभर केले. त्याच्याकडे रंग नव्हते, छिन्नी नव्हती, रंगमंच नव्हता. हातात खराटा होता, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर होते आणि जिभेवर वऱ्हाडी बोली होती. महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखतो. संत म्हणून त्यांची पूजा झाली, समाजसुधारक म्हणून त्यांचे धडे पाठ्यपुस्तकांत आले, स्वच्छतेचे दूत म्हणून सरकारी फलकांवर त्यांचे चित्र झळकले. कलावंत म्हणून त्यांच्याकडे पाहण्याचे मात्र बहुधा राहूनच गेले. वास्तविक कीर्तन ही कला आहे आणि त्या कलेचा इतका धारदार, इतका धाडसी वापर विसाव्या शतकातील महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

डेबूजीचा डेबू परीट

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. घराणे परिटाचे. वडील झिंगराजी दारूच्या नादाने खंगत गेले आणि डेबू लहान असतानाच निवर्तले. त्या काळी जातीच्या जेवणावळीत, देवाच्या नवसात, बारशात आणि तेराव्यातही दारू आणि बकरे ठरलेलेच असे. धर्माच्या नावाने ओढवलेल्या खर्चात आणि व्यसनात घर कसे बुडते, हे या मुलाने पुस्तकात वाचले नाही, स्वतःच्या घरात पाहिले. पुढे हजारो लोकांपुढे उभे राहून त्यांनी जे सांगितले, त्याचे मूळ येथे आहे.

आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, विहिरीवर मोट हाकली. शाळेची पायरी तो चढला नाही. रात्री भजनाला मात्र तो नेमाने बसे आणि त्याचा गळा चांगला होता. मामाच्या कष्टाची जमीन सावकाराच्या कागदात अडकून हातची गेली. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे हे कळत नाही, ही गोष्ट त्याच्या मनात कायमची रुतून बसली. कर्ज आणि निरक्षरता हे दोन विषय पुढे त्यांच्या जवळजवळ प्रत्येक कीर्तनात आले, ते या अनुभवाच्या जोरावर.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाई रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाच्या अपेक्षेने जमले. डेबूजींनी त्यांच्या पानात गोडधोड वाढले. जातीच्या पंगतीत, पाहुण्यांच्या समोर, एकही व्याख्यान न देता केलेली ही त्यांची पहिली जाहीर कृती म्हणावी लागेल. नातलग रुसले, कुरबुर झाली, पण पंगत उठली ती गोड खाऊनच.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी आणि मुले होती. या त्यागाचे गोडवे चरित्रकारांनी मनसोक्त गायिले आहेत. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, याची नोंद मात्र तुलनेने त्रोटकच आहे. पुढे बाबांनी लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या केल्या, त्यांतील एकाही वास्तूचा लाभ आपल्या माणसांना मिळणार नाही याची त्यांनी कडक दक्षता घेतली, आणि या निःस्पृहतेची किंमत त्यांच्याबरोबरच घरच्यांनीही मोजली. १९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद कुत्रे चावल्याने दगावला, तेव्हा बाबा कोकणात होते. निरोप पोहोचला तो कीर्तनाच्या वेळी. कीर्तन थांबले नाही. या प्रसंगात वैराग्य पाहावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

दिवसा खराटा, रात्री कीर्तन

घर सोडल्यानंतरची बारा-तेरा वर्षे त्यांनी भटकंतीत घालवली. याच काळात त्यांचा तो विलक्षण वेष घडला. अंगावर चिंध्या जोडून केलेली गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, दोन पायांत दोन वेगळ्या वहाणा. हातात गाडग्याचा तुकडा. त्यातच भाकरी मागून घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तोच डोक्यावर पालथा घालायचा. लोक त्यांना कधी गोधडेबुवा म्हणत, कधी चिंधेबुवा. शेवटी गाडगे हेच नाव चिकटले. भगवी वस्त्रे, जटा, कमंडलू, रुद्राक्ष यांतले काहीही त्यांनी अंगाला लावले नाही. साधूचा म्हणून जो वेष लोक ओळखत होते, त्याच्या नेमका उलटा वेष त्यांनी पत्करला. त्यामुळे गावात शिरताना त्यांना मान मिळत नसे. कुत्री भुंकत, पोरे दगड मारीत, बाया ओसरीवरून हुसकावून लावीत. वेषाला वाकणारा समाज फाटक्या माणसाशी कसा वागतो, याची परीक्षा या वेषाने गावागावांत घेतली.

त्यांच्या कामाचा क्रम ठरलेला असे. सकाळी गावात शिरायचे आणि कोणालाही काही न सांगता रस्ता झाडायला लागायचे. गटारे उपसायची, उकिरडे उचलायचे, पाणवठ्याभोवतीची घाण काढायची. सुरुवातीला लोक वेडा समजत. थोड्या वेळाने एखादा तरुण लाजून खराटा हाती घेई, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत गाव चकाचक होई आणि दवंडी पिटली जाई, की रात्री कीर्तन आहे. जमलेल्या लोकांना मग कळे, की सकाळी ज्याला हुसकावले तोच आता समोर उभा आहे. या धक्क्यातच अर्धे कीर्तन होऊन जात असे. बोलण्यापूर्वीच श्रोता स्वतःशी ओशाळलेला असे.

उरलेले अर्धे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, साकी-दिंडीचा थाट त्यांच्याकडे नव्हता. गोपाळाच्या नामाचा गजर, अधूनमधून तुकोबा-कबीरांची आठवण आणि बाकी सारा श्रोत्यांशी चाललेला संवाद. ते विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका सुरात उत्तर देई. देव किती, असे विचारले की समुदाय एक म्हणून सांगे. मग त्यांच्या गावात खंडोबा आहे का, मरीआई आहे का, भैरोबा आहे का, असे एकेक विचारीत ते हिशेब करायला लावीत आणि एकाचे कितीतरी झालेले पाहून लोक स्वतःच हसू लागत. देवळातल्या मूर्तीवर कुत्रे तंगडी वर करते तेव्हा देव त्याला हाकलतो का, मूर्तीपुढचा दिवा विझला की अंधारात देव दिसतो का, असे प्रश्न ते अगदी निरागस चेहऱ्याने टाकीत. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नौका वर येते ना, मग लढाईत बुडालेली जहाजे पूजा घालून वर काढावीत, असे त्यांचे म्हणणे असे. श्रोते खो खो हसत आणि हसता हसता अडकत. तर्काचा फास त्यांच्याच उत्तरांनी विणलेला असल्यामुळे सुटायला जागा उरत नसे.

हे बोलणे नास्तिकाचे नव्हते, हे येथे सांगायला हवे. बाबांच्या ओठी देवाचे नाव अखंड होते आणि पंढरीची वारी त्यांनी सोडली नाही. त्यांचे भांडण दगडाच्या देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराशी होते. नवसाला बकरे कापणारा, देवाच्या जत्रेसाठी कर्ज काढणारा, पोराला शाळेत न घालता तीर्थाला जाणारा माणूस त्यांना डोळ्यांपुढे दिसत असे. म्हणून कीर्तनाच्या शेवटी ते श्रोत्यांकडून कबुली घेत. दारू पिणार नाही, कर्ज काढून सण करणार नाही, हत्या करणार नाही, मुलांना शिकवल्याशिवाय राहणार नाही. जेवायचे ताट मोडले तरी चालेल, अंगावरचे लुगडे हलके घेतले तरी चालेल, पण पोराला शिकवा, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. अनेक गावांच्या जत्रांतील पशुहत्या त्यांच्या कीर्तनांनी थांबली.

कोणी पायांवर डोके ठेवायला वाकला, की बाबा मागे सरत, प्रसंगी काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे ते बजावून सांगत. कीर्तन संपताच गर्दी जवळ यायच्या आत ते निसटून जात. लोक त्यांना शोधत राहत आणि ते पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत. जिवंतपणी आपला देव्हारा होऊ न देण्याची ही दक्षता विरळाच.

चोखोबाच्या उंबरठ्यावर

बाबांनी बांधले ते काय, हा प्रश्न त्यांच्या बोलण्याइतकाच महत्त्वाचा आहे. अमरावती जिल्ह्यात ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. पूर्णेच्या पात्रात उतरण्याची वाट चिखलाची आणि निसरडी होती. घर सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बाबांनी तेथे आधी स्वतः चिखल उपसला आणि १९०८ मध्ये लोकांच्या मदतीने घाट उभा केला. मंदिराची पायरी भाविकाच्या सोयीची असेल तरच तिचा उपयोग, असा हा रोकडा विचार होता.

पंढरपुरात तो विचार अधिक टोकदार झाला. आषाढीला पैठणहून नाथांची आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातील गावांमधून पुढे सरकते, तेव्हा तिच्यामागे चालणाऱ्या वारकऱ्यांच्या मनात कळस असतो. बाबांचे लक्ष कळसाकडे नसे. ते चंद्रभागेच्या वाळवंटात असत, जेथे लाखो माणसे उघड्यावर राहत, तेथेच शौचाला बसत, तेच पाणी पीत आणि पटकीने पटापट मरत. बाबा ते वाळवंट झाडीत आणि रात्री तेथेच कीर्तन करीत.

विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी. चोखोबा संत म्हणून मान्य झाले, त्यांची समाधी बांधली गेली, तिच्यापुढे फुले वाहिली गेली. पण चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्या समाधीच्या पुढे जाता येत नव्हते. स्मारक आणि बंदी एकाच जागी, एकाच वेळी, कोणालाही विसंगती न वाटता शतकानुशतके नांदत होती. पंढरपूरला आलेल्या महार वारकऱ्यांना रात्री पाठ टेकायलाही जागा नव्हती. बाबांनी १९१७ मध्ये त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मंदिराचे दार साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर उघडले. म्हणजे धर्मशाळेनंतर तब्बल तीस वर्षांनी. या तीस वर्षांत चोखोबाच्या नावाने खऱ्या अर्थाने काही उघडे होते, तर ते या धर्मशाळेचे दार.

पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि परीट धर्मशाळाही त्यांच्या खटपटीतून झाल्या. जातवार धर्मशाळा बांधणे आजच्या दृष्टीला खटकते आणि ते खटकायलाच हवे. परंतु अस्पृश्याला छप्पर देण्यासाठी सवर्णांच्या धर्मशाळेचे दार उघडण्याची वाट पाहत बसले असते, तर आणखी दोन पिढ्या वाळवंटातच झोपल्या असत्या. बाबांचा स्वभाव वाट पाहण्याचा नव्हता. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत परगावच्या रुग्णांच्या नातलगांची सोय झाली. शहरातील मोठ्या रुग्णालयात खेड्यातला माणूस उपचाराला येतो, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्यांनी कोठे राहायचे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. बाबांना तो त्या काळी दिसला होता. याशिवाय सदावर्ते, गोशाळा, कुष्ठरोग्यांची सेवा, शाळा, वसतिगृहे अशी कामे वाढतच गेली.

पैसा येत होता तो सामान्य माणसांकडून आणि धनिकांकडूनही. बाबा स्वतः त्याला हात लावीत नसत. वास्तू उभी राहिली की विश्वस्तांच्या ताब्यात द्यायची आणि पुढच्या गावाला निघायचे. ज्या धर्मशाळेसाठी आयुष्य झिजवले तिच्या खोलीत न राहता तिच्या बाहेर उघड्यावर झोपायचे, अशी त्यांची रीत होती. अखेर ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या संस्थांना एक घर मिळाले.

सत्तेशी त्यांचे नाते याच अंतराने बांधलेले होते. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याला बाबांचा मनापासून पाठिंबा होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्यांचे समकालीन आणि स्नेही. मंत्री त्यांच्या कीर्तनाला येत आणि इतरांच्या बरोबरीने जमिनीवर बसत. बाबांनी त्यांच्याकडून स्वतःसाठी काही घेतले नाही, निवडणुकीच्या मंचावर ते चढले नाहीत आणि कोणाच्या पक्षाचा झेंडा त्यांनी खांद्यावर घेतला नाही. आज मराठवाड्यातल्या हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी पुढाऱ्यांच्या सत्काराला किती वेळ जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या अंतराची किंमत वेगळी सांगायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी असलेला त्यांचा ऋणानुबंध मात्र या सर्वांहून वेगळा. एक परदेशात शिकलेला बॅरिस्टर, दुसरा सही न करता येणारा परीट. आंबेडकरांना बुवाबाजीचा आणि साधूंचा तिटकारा होता. गाडगेबाबांविषयी मात्र त्यांच्या मनात जिव्हाळा होता. बाबाही आपल्या कीर्तनांत शिक्षणाने माणूस कोठे पोहोचतो याचे उदाहरण म्हणून आंबेडकरांचे नाव घेत. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या कामी यावी, हा त्यामागचा हेतू. चोखोबाचे स्मारक कसे असावे, याचे उत्तर त्या एका व्यवहारात मिळते.

अखेरचे कीर्तन

या माणसाची वाणी पुढच्या पिढ्यांना ऐकायला मिळाली, ती जवळजवळ योगायोगाने. मुंबईत वांद्रे येथे पोलिसांनी ८ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे कीर्तन ठेवले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. बाबांचे वय ऐंशी होते, शरीर थकले होते. तरीही त्या मुद्रणातील आवाजात कंप कमी आणि खट्याळपणा अधिक आहे. प्रश्न पडतो, समुदाय उत्तर देतो, क्षणभर शांतता होते आणि मग हास्याचा स्फोट होतो. समोर बसलेले बहुतेक खाकी वर्दीतले आहेत याचे त्या आवाजाला कोणतेही दडपण नाही. छापील चरित्रांतून गाडगेबाबा थोडे गंभीर, थोडे पूज्य होऊन भेटतात. ध्वनिमुद्रणातून भेटणारे गाडगेबाबा हे हजरजबाबी, लोकांची नस ओळखणारे आणि थांबण्याची जागा अचूक हेरणारे कलावंत आहेत. तमाशातील सोंगाड्या आणि भारुडातील सोंगे यांच्याशी त्यांचे नाते त्या आवाजात लगेच जाणवते.

चरित्रेही चांगली लिहिली गेली, हे त्यांचे भाग्य म्हणायचे की वाचकांचे. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये, म्हणजे बाबा हयात असतानाच, त्यांचे चरित्र सिद्ध केले. भिक्षुकशाहीवर आसूड ओढणाऱ्या प्रबोधनकारांना एका कीर्तनकाराचे चरित्र लिहावेसे वाटले, ही गोष्टच बोलकी आहे. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात हिंडले होते, त्यांनीही बाबांचे चरित्र लिहिले. १९७७ मध्ये राजदत्त यांनी देवकीनंदन गोपाला हा चित्रपट केला आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात बाबांची भूमिका केली. देवाला रिटायर करा, असे पुढे जाहीरपणे सांगणाऱ्या बुद्धिवादी नटाला संताची ही भूमिका जवळची वाटली असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे निधन झाले. ती वार्ता ऐकून बाबा खचले. प्रकृती आधीच ढासळली होती. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्य रस्त्यावर गेले आणि मरणही रस्त्यावरच आले.

जेथे मरण येईल तेथेच अंत्यसंस्कार करावेत, आपली मूर्ती, समाधी, स्मारक किंवा मंदिर बांधू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांच्या माणसांना ते पाळणे जमले नाही. पार्थिव अमरावतीत आणले गेले, लोटलेल्या जनसागराच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले आणि तेथे समाधी उभी राहिली. तो परिसर आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. प्रेमापोटी झालेल्या या अवज्ञेला दोष देणे कठीण आहे. पुढचे सारे मात्र प्रेमापोटीच झाले, असे म्हणवत नाही. गावोगाव अर्धपुतळे बसले. हाती खराटा घेतलेल्या पूर्णाकृती मूर्ती उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. आयुष्यभर शाळेसाठी हात पसरणाऱ्या निरक्षर माणसाचे नाव विद्यापीठाला लाभावे, हे त्या सर्व सन्मानांत सर्वाधिक शोभून दिसते.

राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा ग्रामविकास खाते आर. आर. पाटील यांच्याकडे होते. अनेक गावांनी त्या निमित्ताने खराटा हाती घेतला, हागणदारी हटवली, भिंती रंगवल्या, बक्षिसे मिळवली. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात, जेथे निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असते आणि उन्हाळ्यात पिण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शौचालय बांधणे आणि ते पाण्यावाचून वापरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही त्या काळात पुरते कळून चुकले. तपासणी समिती येण्याच्या दिवशी रांगोळ्या, तोरणे आणि लेझीम, समिती गेल्यावर पुन्हा उकिरडा, असे चित्रही काही गावांनी दाखवले. अभियानाने बाबांचा खराटा उचलला. खराट्यानंतरचे कीर्तन, ज्यात नवसाचे बकरे, सावकाराचे कर्ज, शिवाशिव आणि दगडाच्या देवाची उलटतपासणी होती, ते मात्र परिपत्रकात बसण्यासारखे नव्हते. रस्ता झाडणारे गाडगेबाबा सर्वांना चालतात. प्रश्न विचारणारे गाडगेबाबा आज एखाद्या गावच्या मैदानात उभे राहिले, तर कीर्तन पूर्ण होऊ दिले जाईल काय, याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

दरवर्षी २० डिसेंबरला पुण्यतिथीच्या दिवशी त्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. त्याच्या आदल्या दिवशी पुतळा धुतला जातो आणि भोवतालची जागा झाडून घेतली जाते. झाडणारे हात बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे असतात आणि हार घालताना काढलेल्या छायाचित्रात ते नसतात.